साका का बसतो? दोन द्रावणांच्या मिश्रणाचा जमाखर्च

शेतकरी स्वतःस रसायनशास्त्रज्ञ म्हणवीत नाही. तथापि त्याच्या हातून रसायनाची कामे नित्य होत असतात. द्राक्षाच्या वेलीवर किंवा सुपारीच्या घोसावर फवारण्याकरिता तो मोरचूद व चुना एकत्र करतो, तेव्हा निळ्या पाण्यात एकाएकी दाट निळसर साका धरतो. पावसाळ्यात ओढ्याच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरविली म्हणजे काही वेळाने गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी निवळते. ठिबकाच्या टाकीत दोन निरनिराळी खते एकदम टाकली, तर दोन्ही स्वतंत्रपणे स्वच्छ विरघळणारी असूनही पाणी दुधासारखे पांढरे होते, आणि पुढे आठवडाभरात ड्रीपर तुंबू लागतात.

वरवर पाहता ह्या तीन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. वस्तुतः तिन्हींच्या मुळाशी एकच क्रिया आहे. पहिल्या ठिकाणी साका हेच औषध आहे, दुसऱ्या ठिकाणी तो झाडूचे काम करतो, आणि तिसऱ्या ठिकाणी त्याच्या रूपाने पैसे देऊन आणलेले खत वाया जाते. साका बसेल की नाही, बसल्यास कोणता व किती बसेल, हे पिपात हात घालण्यापूर्वी कागदावर ठरविता येते. त्याची रीत शाळेच्या पहिल्या रसायनशास्त्रातच सांगितलेली असते. परंतु ती शेतीच्या उदाहरणाने क्वचितच सांगितली जाते. म्हणून ती येथे क्रमाने देत आहोत.

साका म्हणजे काय?

मीठ, मोरचूद, अमोनियम सल्फेट यांसारखे क्षार पाण्यात विरघळतात तेव्हा त्यांचे दोन विभाग होतात. एका विभागावर धन विद्युत् असते व दुसऱ्यावर ऋण. ह्या विभागांस आयन असे म्हणतात. मोरचुदाच्या पाण्यात तांब्याचे धन आयन व सल्फेटचे ऋण आयन हे सुटे होऊन हिंडत असतात. चुन्याच्या पाण्यात खटिकाचे, म्हणजे कॅल्शियमचे, धन आयन व हायड्रॉक्साइडचे ऋण आयन असतात.

ही दोन पाणी एकत्र केली म्हणजे एकाच पिपात चार पाहुणे जमतात. आता तांब्याची गाठ केवळ सल्फेटशी न पडता हायड्रॉक्साइडशीही पडते, आणि खटिकाची गाठ सल्फेटशी पडते. म्हणजे दोन नव्या जोड्या संभवतात. ह्या नव्या जोड्यांपैकी एखादी पाण्यात न विरघळणारी असेल, तर ती पाण्यातून बाहेर पडते व घन कणांच्या रूपाने तळाशी बसते. हाच साका होय. आजच्या पाठ्यपुस्तकांत त्यास अवक्षेप म्हणतात. नव्या जोड्यांपैकी एकही अविद्राव्य नसेल, तर काहीच घडत नाही. मिठाच्या पाण्यात सोऱ्याचे पाणी ओतून पाहावे. पाणी पूर्ववत् स्वच्छ राहते, कारण चारही आयन सुटेच राहतात.

तेव्हा सगळा प्रश्न एवढाच उरतो की, कोणती जोडी विरघळते व कोणती विरघळत नाही.

कोण विरघळते, कोण नाही?

ह्याविषयी पुढील चार नियम ध्यानात ठेवले असता शेतीतील बहुतेक प्रसंग उलगडतात.

पहिला: सर्व नायट्रेट विरघळतात. तसेच सोडियम, पोटॅशियम व अमोनियम यांचे नेहमीच्या व्यवहारात येणारे सर्व क्षार विरघळतात.

दुसरा: क्लोराइड बहुधा विरघळतात. चांदी व शिसे यांची क्लोराइडे हे मुख्य अपवाद. म्हणूनच माती व पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत विहिरीच्या पाण्यातील क्लोराइड मोजण्यास चांदीचे नायट्रेट वापरतात; खारट पाण्यात ते टाकताच पांढरा साका धरतो.

तिसरा: सल्फेट बहुधा विरघळतात. बेरियम व शिसे यांची सल्फेटे विरघळत नाहीत, आणि खटिकाचे सल्फेट, म्हणजे आपले जिप्सम, फार थोडे विरघळते. एक लिटर पाण्यात ते सुमारे दोन ते अडीच ग्रॅमच मावते. त्याहून अधिक झाले की खाली बसते.

चौथा: हायड्रॉक्साइड, कार्बोनेट व फॉस्फेट ही बहुधा विरघळत नाहीत. सोडियम, पोटॅशियम व अमोनियम यांच्याशी जोडलेली तेवढी विरघळतात. चुना हा खटिकाचा हायड्रॉक्साइड. तो लिटरास दीड-पावणेदोन ग्रॅम एवढाच विरघळतो. म्हणून चुन्याची निवळी स्वच्छ दिसते, पण दाट चुना कालविल्यास दुधासारखा दिसतो.

समीकरण म्हणजे जमाखर्च

कोणता साका बसेल हे ह्या नियमांवरून कळते. परंतु किती बसेल, आणि कोणत्या पदार्थाचे किती वजन लागेल, हे कळण्यास समीकरण मांडावे लागते. समीकरणाचे तत्त्व आपल्या खातेवहीच्या तत्त्वाहून वेगळे नाही. जमेकडे जेवढे आले तेवढेच खर्चाकडे व शिलकेकडे मिळून दिसले पाहिजे. फ्रान्समधील लाव्हाझिए ह्या शास्त्रज्ञाने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व स्पष्ट मांडले: रासायनिक क्रियेत काहीही नवे उत्पन्न होत नाही व काहीही नाश पावत नाही; केवळ जोड्या बदलतात.

पाठ्यपुस्तकांत मूलद्रव्यांस रोमन अक्षरांची चिन्हे असतात. येथे सोयीकरिता मराठी आद्याक्षरे घेऊ: ता म्हणजे तांबे, ख म्हणजे खटिक, ग म्हणजे गंधक, न म्हणजे नत्र, प्र म्हणजे प्राणवायू, उ म्हणजे उज्ज वायू अर्थात् हायड्रोजन, आणि अ म्हणजे ॲल्युमिनियम. अक्षराच्या मागे लागलेला आकडा त्या मूलद्रव्याचे अणू किती ते दाखवितो. उ२प्र म्हणजे पाणी. त्यात उज्जाचे दोन अणू व प्राणवायूचा एक.

काही अणू कुटुंबाप्रमाणे एकत्र राहतात व एका जोडीतून दुसरीत जाताना फुटत नाहीत. सल्फेट हे गप्र४, हायड्रॉक्साइड हे प्रउ, नायट्रेट हे नप्र३, आणि अमोनियम हे नउ४. हिशेब करताना अशा कुटुंबास एकच मोजावे. त्याने श्रम पुष्कळ वाचतात.

प्रत्येकास जोडी करण्याकरिता ठराविक हात असतात, असे समजावे. हायड्रॉक्साइड, नायट्रेट व अमोनियम यांस एकेक हात, तांबे, खटिक व सल्फेट यांस दोन-दोन, ॲल्युमिनियमास तीन. जोडीत कोणाचाही हात मोकळा राहता कामा नये. म्हणून तांबे व सल्फेट यांची जोडी तागप्र४ अशी सरळ होते; परंतु खटिकाच्या दोन हातांस हायड्रॉक्साइड दोन लागतात, म्हणून चुना ख(प्रउ)२ असा लिहितात.

समीकरण जुळविताना एक नियम कटाक्षाने पाळावा. रेणूच्या आतील आकडा कधीही बदलू नये. बदलावयाचा तो केवळ रेणूच्या पुढे लिहिलेला आकडा. आतील आकडा बदलला की पदार्थच बदलतो. उ२प्र हे पिण्याचे पाणी. उ२प्र२ लिहिले तर ते रंग उडविणारे व कातडी पोळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड होय. पुढचा आकडा मात्र केवळ किती रेणू घेतले एवढेच सांगतो.

पहिले उदाहरण: बोर्डो मिश्रण

१८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेला केवडा रोग फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत दिसू लागला. १८८२ साली बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांस असे आढळले की, रस्त्याच्या कडेच्या वेलींवर चोरांस भय वाटावे म्हणून जेथे मोरचूद व चुना शिंपडला होता, तेथील पाने रोगापासून वाचली आहेत. पुढे प्रयोग करून त्यांनी १८८५ साली हा उपाय प्रसिद्ध केला. आज नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत केवड्यासाठी व कोकणातील सुपारीच्या बागांत कोळेरोगासाठी हेच मिश्रण वापरले जाते. त्याचे समीकरण येणेप्रमाणे:

तागप्र४ + ख(प्रउ)२ → ता(प्रउ)२ + खगप्र४

दोन्ही बाजूंस तांबे एक, सल्फेट एक, खटिक एक, हायड्रॉक्साइड दोन. जमाखर्च आपोआपच जुळतो. चौथ्या नियमाप्रमाणे तांब्याचा हायड्रॉक्साइड अविद्राव्य असल्यामुळे निळा साका धरतो. प्रत्यक्षात हा साका तांब्याचा हायड्रॉक्साइड व सल्फेट यांचा अधिक गुंतागुंतीचा संयोग असतो. परंतु वजनाचा अंदाज घेण्यास वरील साधे समीकरण पुरते.

आता वजने पाहू. अणुभार असे: उज्ज १, नत्र १४, प्राणवायू १६, ॲल्युमिनियम २७, गंधक ३२, खटिक ४०, तांबे ६३.५. मोरचुदाच्या खड्यात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात, म्हणून त्याचा भार १५९.५ अधिक ९०, एकूण २४९.५ होतो. कळीच्या चुन्याचा भार ५६. अर्थात् २४९.५ भाग मोरचुदास शुद्ध कळीचा चुना ५६ भाग पुरतो. म्हणजे एक किलो मोरचुदास सुमारे २२५ ग्रॅम.

परंतु एक टक्का मिश्रणाची प्रचलित कृती तर मोरचूद एक किलो, चुना एक किलो व पाणी शंभर लिटर अशी आहे. मग हा चौपट चुना कशासाठी? बाजारचा चुना शुद्ध नसतो. आणि उघडा राहिलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून चुनखडीचे रूप घेतो, जिचा ह्या कामी फारसा उपयोग नाही. चुना कमी पडला तर तांबे सुटे राहते व ते कोवळी पाने जाळते. चुन्याचे आधिक्य ही ह्या धोक्यावरची हमी होय. मात्र चुना ताजा व चांगला असेल तर एक किलोची गरज नसते, आणि फाजील चुन्याने मिश्रणाचा सामू चढून तांब्याचे काम मंदावते. म्हणून जाणते बागाईतदार चुना वजनावर न सोडता परीक्षा पाहून घालतात.

ती परीक्षाही रसायनाचीच आहे. घासून लखलखीत केलेला लोखंडी सुरा किंवा खिळा मिश्रणात मिनिटभर धरावा. सुटे तांबे शिल्लक असेल तर लोखंड त्याची जागा घेते व सुऱ्यावर तांबूस पुट चढते. तसे दिसल्यास चुन्याची निवळ आणखी घालावी व पुन्हा पाहावे. पुट चढले नाही म्हणजे हिशेब पुरा झाला. हेच कारण की मोरचूद लोखंडी पिपात विरघळवू नये. लाकडी, मातीचे किंवा प्लास्टिकचे भांडे घ्यावे.

मोरचूद अर्ध्या पाण्यात व चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात वेगवेगळे करून, चुना गाळून घेऊन, दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ढवळीत ओतावे. दोन्ही पातळ असताना एकत्र आल्याने साका मऊ व बारीक धरतो आणि पानास चिकटतो. शिळ्या मिश्रणातील कण मोठे होऊन तळाशी बसतात व त्यांची चिकाटी जाते. म्हणून मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

दुसरे उदाहरण: तुरटी

तुरटीत ॲल्युमिनियमचे सल्फेट असते. तिच्यातील पोटॅशियम सल्फेट ह्या क्रियेत बाजूस उभे राहते. ॲल्युमिनियमास तीन हात व सल्फेटास दोन. कोणाचा हात मोकळा राहू नये म्हणून ॲल्युमिनियम दोन व सल्फेट तीन घ्यावे लागतात. पाणी शुद्धीकरणाच्या केंद्रात पाण्याचा अल्कपणा कमी असल्यास ह्याबरोबर चुना देतात. प्रथम केवळ पदार्थ मांडू:

अ२(गप्र४)३ + ख(प्रउ)२ → अ(प्रउ)३ + खगप्र४

येथे खाते जुळत नाही. डावीकडे ॲल्युमिनियम दोन, उजवीकडे एक. म्हणून उजवीकडे अ(प्रउ)३ च्या पुढे २ लिहावे. आता उजवीकडे हायड्रॉक्साइड सहा झाले. डावीकडे दोनच आहेत. चुन्याच्या पुढे ३ लिहिले म्हणजे तेही सहा होतात. परंतु त्यामुळे खटिक डावीकडे तीन झाले. म्हणून उजवीकडे खगप्र४ च्या पुढे ३ लिहावे. शेवटी सल्फेट पाहावे: डावीकडे तीन, उजवीकडे तीन. खाते मिळाले.

अ२(गप्र४)३ + ३ ख(प्रउ)२ → २ अ(प्रउ)३ + ३ खगप्र४

ह्यावरून जुळविण्याचा क्रम ध्यानात येईल. ज्या पदार्थात आकडे अधिक आहेत तेथून आरंभ करावा, एका वेळी एकच कुटुंब जुळवावे, आणि अखेरीस प्रत्येकाची पुन्हा मोजदाद करावी. तयार झालेला ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड चिकट खळीसारखा असतो. तो चिखलाचे सूक्ष्म कण पकडून त्यांसह खाली बसतो. जिप्सम येथे अत्यल्प झाल्यामुळे पाण्यात विरघळूनच राहते व दिसत नाही. अविद्राव्य व अल्पविद्राव्य यांत हा फरक आहे.

तिसरे उदाहरण: ठिबकाची टाकी

आता ज्या प्रसंगात प्रत्यक्ष पैसा बुडतो त्याकडे वळू. कॅल्शियम नायट्रेट व अमोनियम सल्फेट ही दोन्ही पाण्यात उत्तम विरघळतात. ती एकाच टाकीत आली म्हणजे:

ख(नप्र३)२ + (नउ४)२गप्र४ → खगप्र४ + २ नउ४नप्र३

डावीकडे नायट्रेट दोन व अमोनियम दोन असल्यामुळे उजवीकडे अमोनियम नायट्रेटच्या पुढे २ आला. भार मोजून पाहावा: डावीकडे १६४ व १३२ मिळून २९६, उजवीकडे १३६ व दोन वेळा ८० मिळून २९६. वजनाचेही खाते बरोबर मिळते.

अमोनियम नायट्रेट पाण्यात राहील. जिप्सम मात्र बसेल. बाजारात मिळणाऱ्या कॅल्शियम नायट्रेटात खटिक शेकडा साडेअठराच्या सुमारास असते. त्या मानाने पाच किलो कॅल्शियम नायट्रेटास सुमारे तीन किलो अमोनियम सल्फेट पुरे पडते आणि पाण्यासह बांधलेले जिप्सम सुमारे चार किलो तयार होऊ शकते. दोनशे लिटरच्या टाकीत त्यातील अर्धा किलोच्या आसपास विरघळून राहील असे धरले, तरी तीन किलोंहून अधिक पांढरा गाळ टाकीच्या तळाशी, गाळणीत व नळ्यांत जाईल. म्हणजे ज्या कॅल्शियमसाठी खत विकत घेतले ते पिकाच्या मुळापर्यंत पोचलेच नाही, आणि उलट ड्रीपर बंद झाले.

मॅग्नेशियम सल्फेट व पोटॅशियम सल्फेट यांचेही असेच. दोघांत सल्फेट आहे. डीएपी किंवा १२:६१:० यांसारखी स्फुरदाची खते कॅल्शियम नायट्रेटबरोबर टाकली तर चौथ्या नियमाने खटिकाचे फॉस्फेट बसते, आणि मग खटिक व स्फुरद दोन्ही हातचे जातात. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद अडकून बसतो त्याचेही मूळ कारण हेच आहे. बोअरचे पाणी जड असेल, तर त्या पाण्यातच खटिक असते; अशा पाण्यात स्फुरदाचे खत कालवून फार वेळ ठेवू नये.

नळीत बसलेला पांढरा थर चुनखडीचा असेल तर आम्लाच्या पाण्याने फसफसून विरघळतो. जिप्समचा थर आम्लाने सहसा हटत नाही. म्हणून येथे उपायापेक्षा टाळणेच स्वस्त पडते. हरितगृहांतून खतांच्या दोन टाक्या वेगळ्या ठेवितात व एकीत कॅल्शियम, दुसरीत सल्फेट व फॉस्फेट घालतात, ते ह्याच कारणाने. दुसरी टाकी नसल्यास ही खते निरनिराळ्या दिवशी द्यावी आणि मधल्या वेळी नळ्यांतून साधे पाणी सोडून त्या धुवून काढाव्या.

घरच्या घरी परीक्षा

नवीन खते एकत्र करण्याचा विचार असेल तेव्हा प्रथम कागद घ्यावा. दोन्ही खतांचे धन व ऋण विभाग लिहावे, उलट जोड्या कराव्या आणि चार नियमांस त्या लावून पाहाव्या. नंतर स्वच्छ काचेच्या बाटलीत टाकीतीलच पाणी घेऊन, टाकीत जे प्रमाण ठेवावयाचे त्याच प्रमाणात दोन्ही खते घालावी, हलवून एक-दोन तास ठेवावी व उजेडात धरून पाहावी. पाणी गढूळ झाले किंवा तळाशी पूड दिसली तर ते मिश्रण टाकीत घालू नये. पुष्कळदा साका तत्काळ न बसता सावकाश बसतो. म्हणून घाईने निर्णय करू नये.

बाटली साका बसतो की नाही एवढेच सांगते. तो कशाचा व किती, हे समीकरण सांगते. मोसमाच्या आरंभी खतांची यादी करताना प्रत्येक जोडीपुढे हा छोटा जमाखर्च मांडून ठेवला, तर कोणती खते एका टाकीत चालतील व कोणती वेगळी ठेवावी लागतील हे आधीच ठरून जाते, आणि फवारणीच्या दिवशी चुना किती घालावा याचा अंदाजही हाताशी राहतो. घरात शाळेत जाणारी मुले असतील त्यांच्याकडूनच ही समीकरणे जुळवून घ्यावी. पाठ्यपुस्तकातील धडा टाकीपाशी उभा राहून शिकला म्हणजे विसरत नाही, आणि एका मोसमाचे वाचलेले खत त्या शिक्षणाची फी भरून काढते.